नाडीवरची तीन बोटे

हाँगकाँगला जाऊन आम्हांला जेमतेम आठवडा झाला होता आणि आमचे तोंड आले. मुलाने हौसेने बाहेरचे तळलेले पदार्थ खाऊ घातले होते, त्याचा हा प्रसाद. शेजारच्या वृद्ध बाईंनी आमचा कष्टी चेहरा पाहिला, तोंड उघडायला लावले आणि दोनच शब्द उच्चारले, ‘यीत् हेइ.’ सुनेने अर्थ सांगितला, ‘पप्पा, त्या म्हणतात तुम्हांला उष्णता झाली आहे.’

आम्ही थक्क झालो. हेच शब्द, याच कारणासाठी आणि याच ठाम सुरात आमची दिवंगत आई वसईच्या वाडीत म्हणत असे. या वाक्याचे इंग्रजी करून पाहावे, होत नाही. मराठीतून कँटनीजमध्ये मात्र ते जसेच्या तसे उतरते. आम्ही चौतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. उष्णता म्हणजे काय, ती कशी वाहते, कशी मोजतात, हे फळ्यावर असंख्य वेळा लिहिले. तोंड आलेल्या माणसाची ‘उष्णता’ कोणत्याही तापमापकात दिसत नाही, हेही आम्ही जाणतो. तरीही आईने पुढे केलेला सब्जाचा पेला आम्ही मुकाट्याने रिकामा करीत असू, आणि त्या दिवशी शेजारीणबाईंनी पाठवलेला काळाकुट्ट काढाही तसाच मुकाट्याने घेतला. त्याची चव काडेकिराइताची आठवण करून देणारी होती.

ही २०१७ सालच्या ऑक्टोबरमधील गोष्ट. थोरला मुलगा तेथे एका जहाज कंपनीच्या कचेरीत नोकरीस आहे. सुनेचे दिवस भरत आले होते, म्हणून आम्ही उभयता गेलो, असे आम्ही सर्वांस सांगितले. खरे कारण निराळे होते. दोन वर्षांपूर्वी, २०१५च्या पावसाळ्यात, आमचा धाकटा मुलगा तीन दिवसांच्या तापात गेला. तो सव्वीस वर्षांचा होता. त्यानंतर आमच्या पत्नीची झोप उडाली. ती अकराला पडे, तिनाच्या सुमारास उठून बसे, आणि मग उजाडेपर्यंत खिडकीपाशी. अन्नावरची वासना गेली, छातीत काही दाटल्यासारखे वाटे, बोलताना दम लागे. सर्व तपासण्या झाल्या. रक्त चांगले, हृदय चांगले, फुप्फुसे स्वच्छ. डॉक्टरांनी आस्थेने सांगितले, ‘यांना काहीही झालेले नाही.’ झोपेच्या गोळ्या दिल्या. त्यांनी झोप येई, पण ती झोप नव्हे, गुंगी होती असे ती म्हणे.

आम्ही स्वतः काय केले, तेही येथे नमूद केले पाहिजे. आम्ही मुलाची तसबीर वेदीजवळून काढून कपाटात ठेवली. घरात त्याचे नाव निघणार नाही अशी दक्षता घेतली. कोणी पाहुण्याने ते काढलेच, तर आम्ही उठून व्हरांड्यात जात असू. काळ हेच औषध, असे आम्ही समजत होतो. आणि काळाला मौनाची जोड दिली, की गुण लवकर येईल, असा आमचा हिशेब होता.

शेजारच्या बाई विधवा होत्या, वय पंचाहत्तरीच्या पुढे. सर्वजण त्यांना पोपो म्हणत. कँटनीजमध्ये आजीला आणि आजीच्या वयाच्या स्त्रीला असे संबोधतात. त्याही कॅथलिक. त्सिम शा त्सुईच्या रोझरी चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला आम्ही त्यांच्यासोबत जाऊ लागलो. भाषेची अडचण होती; सुनेला कामापुरती कँटनीज येई, आणि उरलेले हातवाऱ्यांनी भागे. नोव्हेंबरमध्ये नातू जन्मला आणि पोपोंनी बाळंतिणीच्या स्वयंपाकाचा ताबा घेतला. एका मोठ्या मातीच्या भांड्यात काळे गोडसर व्हिनेगार, जून आल्याचे हातभर तुकडे, डुकराचे पाय आणि उकडलेली अंडी दिवसभर मंद आचेवर शिजत राहिली. बाळंतपणात रक्त गेले म्हणजे शरीरातील ऊब गेली. आले ती ऊब परत आणते, असे त्यांचे म्हणणे. थंड पाणी नाही, डोक्यावरून स्नान नाही, वाऱ्याला उभे राहणे नाही. आमच्या पत्नीने सोबत हळीव, डिंक आणि मेथीचे लाडू नेले होते. दोघी एकमेकींची भांडी उघडून पाहत, वास घेत आणि माना डोलवत. व्हिनेगार घातलेले डुकराचे मांस आम्हां वसईकरांस नवे नव्हेच. दोन वर्षांत प्रथमच आम्ही पत्नीला स्वयंपाकघरात हसताना पाहिले.

पोपोंचे लक्ष मात्र बाळंतिणीपेक्षा सासूवर अधिक होते. एके सकाळी त्यांनी सुनेकरवी निरोप दिला, ‘तुमच्या सासूबाईंना आमच्या वैद्यांकडे नेते. सासऱ्यांना यायचे तर यावे.’

शिऊंग वान हा हाँगकाँग बेटाचा जुना भाग. तेथे जिनसेंग, सुकवलेले समुद्री जिन्नस आणि वनौषधी यांच्या दुकानांच्या रांगाच रांगा आहेत. वास इतका दाट, की डोळे मिटून चालले तरी रस्ता चुकू नये. जवळच तुंग वा रुग्णालय आहे. १८७२ साली ते सुरू झाले ते चिनी गरिबांना चिनी औषध मोफत देण्यासाठी. १८९४ साली हाँगकाँगला प्लेगने गाठले. तेव्हा या रुग्णालयावर टीकेचे मोहोळ उठले आणि तेथे पाश्चात्त्य वैद्यकाचाही शिरकाव झाला. तोच प्लेग १८९६मध्ये मुंबईस पोहोचला. मुंबईच्या गावठाणांत त्या साथीच्या वेळी उभारलेले क्रूस आजही दिसतात. प्लेगपुढे ना तेथला काढा चालला, ना येथला. हे आम्ही रस्त्याने जाता जाता मनाशी म्हणत होतो, कारण आमचे मन तेव्हा विरोधी पक्षात बसलेले होते.

वैद्यांचे दुकान म्हणजे एक भिंतभर लहान लहान खण. प्रत्येक खणाच्या आत आणखी कप्पे. गल्ल्यावरचा माणूस सोनाराच्या काट्यासारख्या हातकाट्याने मुळ्या, साली, बिया तोलत होता. आपल्या तोळ्या-माशांसारखी त्यांचीही जुनी मापे आहेत. मागच्या खोलीत वैद्यबुवा बसले होते, सत्तरीचे, स्वेटर घातलेले. त्यांची पुतणी इंग्रजीत अर्थ सांगे. हाँगकाँग बाप्टिस्ट विद्यापीठाने १९९८ साली चिनी वैद्यकाचा पूर्णवेळ पदवी अभ्यासक्रम सुरू केला, त्याची ती पदवीधर. १९९९मध्ये तेथे चिनी वैद्यकाचा कायदा झाला आणि वैद्यांची नोंदणी आवश्यक ठरली. भिंतीवर त्या नोंदणीचा कागद होता. तो आम्ही जवळ जाऊन पाहिला, हे कबूल करतो.

चिनी वैद्य रोग्याला चार प्रकारे तपासतात : पाहणे, ऐकणे व हुंगणे, विचारणे आणि स्पर्श करणे. वैद्यबुवांनी प्रथम जीभ पाहिली, तिचा रंग, तिच्यावरचा साय, कडांवरचे दातांचे ठसे. मग एका छोट्या उशीवर पत्नीचे मनगट ठेवून तीन बोटे टेकवली. प्रत्येक मनगटावर नाडीची तीन स्थाने, प्रत्येक स्थानाचे एकेका अवयवाशी नाते. डाव्या हाती हृदय, यकृत, मूत्रपिंड. उजव्या हाती फुप्फुस, प्लीहा आणि पुन्हा मूत्रपिंड. बोट हलके टेकवले तर एक वार्ता, दाबले तर दुसरी. तरंगती, बुडालेली, सरकती, तारेसारखी ताणलेली, असे नाडीचे २८ प्रकार नंतरच्या ग्रंथांत सांगितले आहेत. खोलीत कोणी बोलेना. आमच्या अनुभवात दोन वर्षांत कोणत्याही तपासनिसाने आमच्या पत्नीचा हात इतका वेळ धरला नव्हता. यंत्रांनी धरला होता.

‘तिनाच्या सुमारास जाग येते का?’ पुतणीने विचारले. पत्नी दचकली. चिनी घड्याळात पहाटे तीन ते पाच ही फुप्फुसाची वेळ, असे स्पष्टीकरण आले. आणि फुप्फुस हे दुःखाचे घर. या वैद्यकात प्रत्येक प्रमुख अवयवाला एकेक भावना वाटून दिलेली आहे. यकृताला क्रोध, हृदयाला हर्ष, प्लीहेला चिंता, मूत्रपिंडाला भय, फुप्फुसाला शोक. मग वैद्यबुवांनी हात न सोडता पुढचा प्रश्न केला. पुतणीने तो किंचित अडखळत इंग्रजीत आणला : ‘कोण गेले?’

आमच्या पत्नीने मुलाचे नाव घेतले. दोन वर्षांत आमच्या देखत प्रथमच. आणि मग ती रडली. आवाज काढून, पदर तोंडात न कोंबता. आम्ही सवयीने उठलो. पण त्या खोलीला व्हरांडा नव्हता.

पोपोंनी वैद्यांना आधीच सर्व सांगून ठेवले होते, असा आम्हांला दाट संशय आहे. पुढे त्यांना विचारले तेव्हा त्या नुसत्या हसल्या. आणि तिनाच्या जागेसाठी फुप्फुसाचे घड्याळ कशाला हवे? आमच्या मुलाने प्राण सोडला तो पहाटेच्या साडेतीनला, आणि त्या वेळी त्याच्या उशाशी तीच होती. हे आम्हांला ठाऊक होते. ठाऊक असूनही आम्ही तिला दोन वर्षांत ‘या वेळेलाच का जाग येते?’ असे एकदाही विचारले नव्हते. ते विचारले एका परक्या माणसाने, पुतणीच्या मध्यस्थीने.

औषधाची चिठ्ठी घेऊन आम्ही पुढच्या दालनात आलो. औषधाचा गाभा तीनच जिनसांचा : हलका गहू, ज्येष्ठमध आणि चिनी लाल बोरे. आपल्या बोराचीच ती जातभाई. हा काढा झांग झोंगजिंग या वैद्याच्या ग्रंथातील आहे, सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा. आणि तो मुळात शोकाने व्याकूळ होऊन वारंवार रडू येणाऱ्या स्त्रीसाठीच सांगितलेला आहे. झांगच्या ग्रंथाला जोडलेल्या प्रस्तावनेनुसार त्याच्या दोनशेहून अधिक माणसांच्या गोतावळ्यापैकी दोन-तृतीयांश माणसे दहा वर्षांच्या आत मृत्युमुखी पडली, बहुतेक ज्वराने. तापाने घर रिकामे झालेल्या माणसाचा हा काढा होता, हे आम्ही नंतर वाचले. त्या तिघांत वैद्यबुवांनी झोपेसाठी आंबट बोराच्या बिया आणि फुप्फुसासाठी लिलीचे कंद मिळवले. चिनी औषधात एकटी वनस्पती क्वचितच देतात. राजा, मंत्री, साहाय्यक आणि दूत असा सारा दरबार एका पुडीत भरतात. ज्येष्ठमध बहुधा सर्वांत मेळ घालणारा असतो. तीन वाट्या पाणी आटवून एक वाटी करायची, मातीच्या भांड्यात, लोखंडाच्या नव्हे. हे ऐकून आमची पत्नी उद्गारली, ‘अहो, हे तर माझी आजी करायची!’

आम्हांलाही तो काढा घ्यावासा वाटला; वास गोड होता. वैद्यबुवांनी आमचीही नाडी पाहिली, कोणत्या गोळ्या चालू आहेत ते विचारले आणि मान हलवली. रक्तदाब असलेल्याने ज्येष्ठमध रोज घेऊ नये, तो पाणी धरून ठेवतो आणि दाब वाढवतो. आणि चालू गोळ्या कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नयेत, त्यांच्याही नाही. विरोधी पक्षाचा एक सदस्य त्या क्षणी फुटला.

पुढील दहा आठवड्यांत पोपोंच्या आणि त्या पुतणीच्या संगतीत आम्ही या वैद्यकाचा जो काही अर्थ लावला, तो थोडक्यात सांगतो. यिन आणि यांग ही नावे ऐकून अनेकांस गूढविद्या आठवते. मुळात ती अक्षरे डोंगराच्या दोन बाजूंची आहेत, सावलीची आणि उन्हाची. सकाळी जी बाजू उजळ, ती संध्याकाळी काळोखी. एकीवाचून दुसरी नाही, आणि दोन्ही एकाच डोंगराच्या. थंड, ओले, आतले, स्थिर ते यिन. उष्ण, कोरडे, बाहेरचे, चळते ते यांग. ‘ची’ म्हणजे देहात खेळणारा प्राण. त्याच्या जुन्या अक्षरात तांदूळ आहे आणि त्यावर वाफ. भाताच्या वाफेतून प्राणाची कल्पना करणारे लोक आम्हांला परके वाटेनात. लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी ही पाच तत्त्वे एकमेकांना जन्म देतात आणि एकमेकांना आवरही घालतात. लाकडातून आग, आगीतून राख म्हणजे माती, मातीतून धातू. पाणी आगीला विझवते आणि माती पाण्याला बांध घालते. पाचांपैकी कोणी माजू नये, कोणी मरू नये, एवढीच व्यवस्था.

आम्ही आरंभी समतोल म्हणजे तराजू समजत होतो : दोन पारडी सारखी झाली, काटा थांबला, झाले. पुतणीने आम्हांला दुरुस्त केले. काटा थांबतो तो मेल्यावर. जिवंत माणसात उन्हाची बाजू सावलीत आणि सावलीची उन्हात सारखी सरकत असते; हे सरकणे अडले, म्हणजे आजार. चिनी वैद्यकाच्या प्राचीन ग्रंथात, म्हणजे पीत सम्राट आणि त्याचा वैद्य यांच्या संवादरूप ‘हुआंगदी नेइजिंग’मध्ये, देहातील बारा मार्गांची बारा नद्यांशी सांगड घातली आहे. हे ऐकले आणि आम्हांला आमची बावखले आठवली. पावसाचे पाणी बावखलात साठे, मुरे, विहिरी गोड राहत, पाटाने वाडीभर पाणी फिरे. मग बावखले बुजवून इमारती उठल्या आणि कित्येक विहिरी खारट झाल्या. विहिरीत दोष नव्हताच. आत झिरपणारे पाणी वरच अडवले होते. चिनी वैद्य दुखऱ्या जागेकडे जवळजवळ याच नजरेने पाहतो. आमच्या घरातले कोणते पाणी कोणी अडवले होते, हे आम्हांला पुतणीने सांगावे लागले नाही.

तिसऱ्या आठवड्यात पत्नी सलग चार तास झोपली. नाताळपर्यंत पाच-साडेपाच. जेवणाची चव परतली. गुण कशाचा? काढ्याचा? कुशीत झोपणाऱ्या नातवाचा? पोपोंसोबत रोज सकाळी बागेत सावकाश हात फिरवीत उभे राहण्याचा? की त्या मागच्या खोलीतल्या रडण्याचा? विज्ञानाच्या शिक्षकाला याचे उत्तर देता येत नाही. या सर्व गोष्टी एकाच वेळी घडल्या, आणि असा प्रयोग आम्ही विद्यार्थ्यांच्या वहीत बाद ठरवला असता. जर्मनीत कंबरदुखीच्या अकराशेहून अधिक रोग्यांवर केलेला एक मोठा प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. शास्त्रशुद्ध ठिकाणी सुया टोचल्या काय आणि भलत्याच ठिकाणी वरवर टोचल्या काय, गुण जवळपास सारखाच आला; मात्र दोन्हींचा गुण नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त होता. यातून कोणी ‘सुया खोट्या’ असे म्हणतो, कोणी ‘सुया खऱ्या’ असे. आम्हांला त्या प्रयोगात दिसते ते एवढेच, की रोग्याजवळ कोणीतरी बसले होते.

वसईस परतल्यावर निराळाच प्रश्न उभा राहिला. आमच्या प्रार्थनासमूहातील एका सद्गृहस्थांनी काळजीने विचारले, ‘सर, हे यिन-यांग आपल्या श्रद्धेत बसते का?’ त्यांची काळजी प्रामाणिक होती. आम्ही त्यांना मिखाल बॉइम यांची गोष्ट सांगितली. हे पोलंडचे येशूसंघीय धर्मगुरू. चीनमध्ये मिंग घराण्याचा शेवटचा आधार कोसळत असताना तेथील बाप्तिस्मा घेतलेल्या राजमातेची पत्रे घेऊन ते पोपमहोदयांकडे निघाले. १६५१ साली ते गोव्यास पोहोचले. तेथून खुष्कीच्या मार्गाने, हैदराबादवरून, इराणमधून ते १६५२च्या अखेरीस व्हेनिसला उतरले. उत्तर मिळायला तीन वर्षे लागली. ते घेऊन परतले तेव्हा राज्यच उरले नव्हते. १६५९मध्ये चीनच्या सीमेवर त्यांचे निधन झाले. याच धर्मगुरूंनी चिनी नाडीपरीक्षेवरचे ग्रंथ लॅटिनमध्ये आणले. ते लेखन युरोपात १६८२ साली छापले गेले, तेव्हा त्यावर त्यांचे नावही नव्हते. पुढे फ्लॉयर या इंग्रज डॉक्टरांनी चिनी नाडीशास्त्राचा अभ्यास करून नाडी मोजण्यासाठी मिनिटाचे खास घड्याळ करवून घेतले आणि १७०७ साली त्यावर पुस्तक लिहिले. आज परिचारिका मनगट धरून घड्याळाकडे पाहते, तेव्हा आम्हांला बॉइम आठवतात.

देवघेव एकाच दिशेची नव्हती. १६९३ साली कांगशी सम्राटाला हिवताप झाला, तेव्हा येशूसंघीयांनी दिलेल्या सिंकोनाच्या सालीने तो बरा झाला आणि त्याने त्यांना राजवाड्याजवळ जागा दिली. त्यानंतर तीन शतकांनी हिवतापावरचे औषध उलट्या दिशेने आले. १९६७ साली चीनमध्ये गुप्त संशोधन सुरू झाले. त्यातील तू यूयू या संशोधिकेने चौथ्या शतकातील गे हाँगच्या औषधसंग्रहात एका वनस्पतीचा उल्लेख वाचला. इतर काढ्यांसारखी ती उकळायची नव्हती; पाण्यात भिजवून पिळायची होती. उकळीने गुण नष्ट होत असावा, हे तिने ताडले आणि १९७१मध्ये कमी तापमानात अर्क काढला. औषध आधी स्वतः घेऊन पाहिले. २०१५ साली तिला नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या वर्षी आमचा मुलगा तापाने गेला, त्याच वर्षी. म्हणून ती बातमी आम्ही तेव्हा वाचली नव्हती.

आपल्याकडील एक दुवाही सांगण्याजोगा आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि १९४२मध्ये तेथेच निवर्तले, हे सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्याच पथकातील डॉ. बिजयकुमार बसू १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन सूचिचिकित्सा शिकले आणि त्यांनी ती कोलकात्यात आणली.

पण या वैद्यकाचे दुसरे अंग लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. थोर चिनी लेखक लू शुन यांनी वडिलांच्या आजारपणाची हकीकत लिहिली आहे. किशोरवयात ते घरातील चीजवस्तू गहाण ठेवीत आणि औषधांच्या दुकानात पैसे भरीत. नामांकित वैद्याने मागितले काय, तर रातकिड्यांचे मूळचे जोडपे, दुसरेपणाचे नव्हे! सुजेने पोट ढोलासारखे फुगले, म्हणून फुटक्या ढोलाच्या कातड्याच्या गोळ्या. वडील गेलेच. त्या रागातून लू शुन पाश्चात्त्य वैद्यक शिकायला जपानला गेले. १९२९ साली तर चिनी वैद्यक कायद्याने संपवावे असा ठराव त्या देशातच आला होता. वैद्यांनी निकराने विरोध करून तो हाणून पाडला. बेल्जियममध्ये १९९०च्या सुमारास वजन घटवण्यासाठी दिलेल्या गोळ्यांत नावातील साम्यामुळे एका चिनी वनस्पतीऐवजी दुसरी पडली आणि शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे बिघडली. पुढे कित्येकींना कर्करोग झाला. ‘नैसर्गिक’ या शब्दापुढे हात जोडणाऱ्यांनी ही घटना ध्यानात ठेवावी.

आम्ही ती ठेवली नाही. २०१८च्या पावसाळ्यात आमचे गुडघे धरले. पत्नीचा गुण पाहून आमचा विरोधी पक्ष तोवर सत्ताधाऱ्यांत विलीन झाला होता. कोणा परिचिताने सांगितले म्हणून आम्ही मुंबईतील एका दुकानातून चिनी अक्षरांचे पाकीट आणले. नाडी कोणी पाहिली नाही, जीभ कोणी पाहिली नाही, चालू गोळ्या कोणी विचारल्या नाहीत. चार दिवसांत गुडघे तरुण झाले! चर्चच्या पायऱ्या आम्ही दोन-दोन चढू लागलो. सहाव्या आठवड्यात चेहरा सुजला, तहान अनावर झाली आणि रक्तातील साखर ३४० निघाली. आमच्या डॉक्टरांनी पाकीट उलटसुलट पाहिले; यात स्टेरॉइड मिसळलेले असावे असा त्यांचा तर्क होता. गोळ्या तपासून घेण्याची सोय झाली नाही, पण त्यांनी त्या आपल्या देखरेखीखाली हळूहळू थांबवल्या आणि साखर उतरायला तीन महिने लागले. पत्नीने या साऱ्या काळात एकदाही टोमणा मारला नाही. फक्त एका रात्री म्हणाली, ‘त्या वैद्यांनी तुम्हांला साधा ज्येष्ठमधही दिला नव्हता.’

पोपो २०२१मध्ये गेल्या. साथीच्या निर्बंधांमुळे आम्हांला जाता आले नाही. सुनेने त्यांच्या घरून ते काळे मातीचे भांडे मागून घेतले.

पत्नीची झोप पूर्ववत झाली असे नाही. पावसाळा लागला, की आजही काही रात्री तिनाला दिवा लागतो. आता आम्हीही उठतो. गहू आणि ज्येष्ठमधाचा काढा ती अधूनमधून करते, आमच्यासाठी निराळे कोमट पाणी ठेवते, आणि आम्ही खिडकीपाशी बसतो. कधी बोलतो, कधी नाही. मुलाची तसबीर आम्ही हाँगकाँगहून परतल्या दिवशीच कपाटातून काढली.

२०२४च्या नाताळात नातू आला. सात वर्षांचा. गोठा मांडताना त्याने वेदीजवळची तसबीर उचलली आणि विचारले, ‘हा कोण?’ पत्नीने त्याला मांडीवर घेतले आणि मुलाचे नाव सांगितले, तो पोहायला कुठे जाई, मासळीचा काटा कसा त्याच्या घशात अडकला होता, सगळे सांगितले. बराच वेळ ती सांगत होती. आम्ही खुर्चीतच बसून होतो.